आठ करवंट्या पाणी

कळुबोविल, कोलंबो
१२ जानेवारी २०१४

प्रिय पुनी,

परवा सुंठ कुटत होते आणि एकदम कॉन्व्हेंटमधली आजाऱ्यांची खोली डोळ्यांपुढे आली. शिवणाचा तास बुधवारी असायचा आणि बुधवारीच तुला आणि क्लॉडेटला हमखास सर्दी व्हायची. मदर बेनेडिक्टा कपाळाला हात लावून बघायच्या. ताप नाही हे त्यांना कळायचं, तरी काही न बोलता त्या धन्या-सुंठीचं कोत्तमल्ली चुलीवर चढवायच्या. खोलीत खाटा दोनच, त्या तुमच्या. मला खोटं शिंकता यायचं नाही, म्हणून माझ्या वाट्याला स्टूल. "मालकांती, तू ठणठणीत आहेस ना? मग पंखा घे आणि चुलीपाशी बस. काढ्यापाशी कुणीतरी बसावं लागतं." मी निखारे फुलवत बसायची आणि पाठीमागे तुमचं चादरीतलं खुसखुसणं ऐकायची. काढा झाला की मात्र तो तिघींना सारखा मिळायचा, वर चावायला माडाच्या गुळाचा खडा.

आताच हे का आठवलं म्हणशील. मला जरा सर्दी धरून बसली आहे. खोकला जाता जात नाही. शेजारीण म्हणते, "उन्हातून आलीस ती तशीच डोक्यावरून न्हालीस, आणखी काय होणार?" मीही सगळ्यांना तेच सांगते.

फेब्रुवारीत नवम पोयाची पौर्णिमा शुक्रवारी आली आहे, म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी. तू येतेस का? आपण तिघी शहर फिरू. हो, तिघी. क्लॉडेट बंडारवेलहून खाली उतरायला तयार आहे. तुझं तिच्याशी बोलणं नाही हे मला ठाऊक आहे, आणि का नाही हेही. पण मला तुम्हा दोघींना एकत्र बसवून एक गोष्ट सांगायची आहे. एकेकीला सांगता आली असती तर केव्हाच सांगितली असती.

नाही म्हणू नकोस. माझे गुडघे फार दिवस साथ देतील असं वाटत नाही.

तुझी
माल्की


स्कारबरो, टोरोंटो
२६ जानेवारी २०१४

प्रिय माल्की,

तिकीट काढलं. सुनेने विचारलं, "एवढ्या बर्फातून निघून तीन दिवसांसाठी जाणार? अत्तै, तुमचं वय काय?" मी म्हटलं, जिच्या घरामुळे मी वयाची ही साठी बघते आहे, तिने बोलावलंय.

क्लॉडेटबद्दल मात्र आधीच लिहिते, म्हणजे तिथे तोंड वाकडं झालं तर तुला धक्का बसायला नको. त्र्याऐंशीच्या जुलैत आमच्या वेल्लवत्तच्या गल्लीत तमिळांची घरं पेटवली, तेव्हा मी आजीचा, अम्मम्माचा, हात धरून तुमच्या मागच्या दाराशी आले. तुझ्या अम्माने एक अक्षर विचारलं नाही. नारळांच्या कोठीत चटई टाकून दिली. चार दिवस. अम्मम्माचा खोकला सुरू झाला तो त्या ओलीमुळे. ती उशीत तोंड खुपसून खोकायची आणि मी तिची पाठ धरायची. तुझ्या अम्माने कर्फ्यूतसुद्धा कुठून तरी पस्पंगुवाची, त्या पाच औषधांची, पुडी पैदा केली आणि तू आठ करवंट्या पाण्याची एक करून तो काढा दिवसातून दोनदा आणून देत होतीस. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आणि त्याच चार दिवसांत मी तुला विचारलं होतं, "क्लॉडेटने चौकशी केली का गं?" तू मान हलवलीस. नाही. जिच्याबरोबर मी आठ वर्षं एका बाकावर बसले, जिच्या पपांकडे रेल्वेचा कर्फ्यू पास होता, तिने एकदा फाटकाशी येऊन विचारलंसुद्धा नाही. अम्मम्मा निर्वासितांच्या जहाजावर वारली, तेही तिने कधी विचारलं नाही. मी भांडणार नाही, माल्की. पण हसून गळ्यातही पडणार नाही.

तुझ्या खोकल्यासाठी तूतुवळैची वाळवलेली पानं आणते आहे. इथे तमिळ दुकानात सगळं मिळतं.

तुझी
पुनी


स्कारबरो
३ मार्च २०१४

प्रिय माल्की,

पोहोचून दोन आठवडे झाले, तरी अंगाला अजून तुझ्या स्वयंपाकघराचा वास आहे असं वाटतं. खोकला कसा आहे? खरं सांग.

तीन दिवसांत आम्ही तुला जे काही पाजलं, त्याने एखादा हत्ती बरा झाला असता. माझं मिऱ्या-जिऱ्याचं रसम, त्यावर तूतुवळैची पानं. क्लॉडेटचं ब्रँडीत फेटलेलं अंड्याचं पिवळं. पोयाला दारूची दुकानं बंद म्हणून तिने ती बाटली गुरुवारीच घेऊन ठेवली होती, आणि बुद्धाच्या तसबिरीकडे पाठ करून ती उघडत होती. "मी कॅथलिक आहे गं, मला पाप लागत नाही. माल्कीला लागलं तर तिचं ती बघेल." तू हसलीस आणि हसता हसता तुझा श्वास अडकला. ती लगेच तुझे पाय मोहरीच्या गरम पाण्यात बुडवायला लागली. तू सगळं मुकाट्याने प्यायलीस. एकदाही नाक मुरडलं नाहीस. मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

शुक्रवारी कॉन्व्हेंटमध्ये गेलो ते बरं केलं. आजाऱ्यांच्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत. पण ते स्टूल जिन्याखाली सापडलं, एक पाय तुटका. क्लॉडेटने त्या पहारेकऱ्याला काय सांगितलं कुणास ठाऊक. थ्रीव्हीलमध्ये आपण तिघी आणि मांडीवर ते स्टूल. ड्रायव्हर म्हणाला, "नोना, घरात बसायला काही नाही का?" क्लॉडेट म्हणाली, "आहे रे बाळा, पण ही बाई तिसरी आहे. हिला नेहमी हेच मिळतं." मला हसू आलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या बोलण्यावर हसू आलं, आणि ते मी रस्त्याकडे तोंड करून गिळलं.

शनिवारी पेट्टाच्या गाबोज लेनमध्ये तो औषधी मुळ्यांचा वास, ती पोती. दुकानदाराने विचारलं, "तिघींत आजारी कोण?" आणि आपण तिघींनी एकदम एकमेकींकडे बोट दाखवलं. त्याने धने, सुंठ, पित्तपापडा, रिंगणी आणि झाडहळदीच्या काड्या तोलून पुडी बांधली. क्लॉडेटने पुडी हातात घेतली आणि तिथेच उभी राहिली, कितीतरी वेळ. मी म्हटलं, "चल ना, ऊन लागतंय." ती म्हणाली, "जुना वास आहे, पुनी." मी पुढे चालायला लागले.

दोन गोष्टी मात्र मनात राहिल्या. एक, मी कोठी बघायला मागितली. अम्मम्मासाठी तिथे एक दिवा लावायचा होता. तू म्हणालीस किल्ली हरवली. कोठीला कुलूप लावणाऱ्यांतलं तुमचं घर कधीच नव्हतं. दुसरी, तू आम्हाला एक गोष्ट सांगणार होतीस. रविवारी गॉल फेसवर, समुद्राकडे तोंड करून तू म्हणालीस, "पुनी, क्लॉडेट, ऐका." मग खोकलीस. मग म्हणालीस, "आधी वडे घेऊ, गरम आहेत तोवर." कोळंबीचे वडे खाऊन झाले, सूर्य बुडाला आणि तू काही बोलली नाहीस.

काय सांगायचं होतं? माझा अंदाज लिहिते. तुला आमची दिलजमाई करायची होती. ते तुझ्या स्वभावाला धरून आहे. पण जिने त्या दिवसांत साधी चौकशी केली नाही, तिला क्षमा करायला सांगू नकोस. तुझ्यासाठी मी काहीही करेन, एवढं सोडून.

तुझी
पुनी


कळुबोविल
१९ मार्च २०१४

प्रिय पुनी,

फोनवर मला खोटं बोलता येतं. समोरासमोरही येतं, हे तू पाहिलंस. पत्रात जमत नाही, म्हणून पत्र लिहिते. शेवटपर्यंत वाच.

क्लॉडेट आली होती.

सव्वीस जुलै, मंगळवार, सकाळी दहाच्या सुमाराला. तू आत विचारलंस, "गाडीचा आवाज कसला?" मी म्हटलं, "कुणीतरी वाट चुकलं होतं." ती तिच्या पपांची काळी मॉरिस होती. गाडी वळणावर ठेवून क्लॉडेट एकटी फाटकाशी आली. तिने मला विचारलं, "पुनी तुझ्याकडे आहे का? मदर बेनेडिक्टांनी आजाऱ्यांच्या खोलीतल्या दोन्ही खाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. पपांकडे पास आहे. मी घेऊन जाते."

मी म्हटलं, "नाही. कालच त्या गेल्या. कुठे, ठाऊक नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग गेली.

त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की समोरच्या घरातला माणूस व्हरांड्यात उभा आहे, क्लॉडेटचा आवाज मोठा, तिच्या पोटात काही राहत नाही. हे सगळं खरं होतं. अम्मानेही तेच मानलं. पण पुनी, मी एकसष्ट वर्षांची होईन या पावसाळ्यात, आणि मला ठाऊक आहे की ते कारण नव्हतं. "दोन खाटा" हे तिचे शब्द ऐकले आणि माझ्या आत काहीतरी घट्ट मिटलं. या वेळी तू माझ्या घरात होतीस. तुला मी लपवलं होतं, तुझ्या अम्मम्माला मी सांभाळत होते. आता ती येणार, तुम्ही दोघी त्या खोलीत जाणार, आणि मी पुन्हा बाहेर. एवढंच. इतकं क्षुल्लक. शहर जळत होतं आणि मी शाळेतल्या मुलीसारखी विचार करत होते.

तिथे कोरडी खोली होती, खाट होती, कॉन्व्हेंटची नर्स होती. इथे ओली कोठी. तुझी अम्मम्मा अकराव्या दिवशी जहाजावर वारली. ती वाचली असती का, मला माहीत नाही. हा प्रश्न मी रोज काढ्यासारखा आटवते. आटून आटून उरतो तो तेवढाच.

आणि मग तू विचारलंस, क्लॉडेटने चौकशी केली का. मी मान हलवली. ते पहिलं खोटं भीतीचं म्हणता आलं असतं. हे दुसरं नाही. ते मी एकतीस वर्षं प्रत्येक पत्रात पुन्हा सांगितलं, काही न लिहिता. तू माझं कौतुक करत राहिलीस आणि मी ते घेत राहिले.

कोठीची किल्ली हरवलेली नाही. कोठीला किल्लीच नाही. तू तिथे दिवा लावून माझे आभार मानशील, ही कल्पना मला सहन झाली नाही.

दुसरं थोडक्यात. माझी सर्दी सर्दी नाही. डोक्यावरून न्हाल्याने झालेली तर मुळीच नाही. नोव्हेंबरातच छातीचा फोटो काढला होता. डाव्या फुप्फुसात आहे आणि पसरलं आहे. तुम्हाला बोलावलं तेव्हा मला ठाऊक होतं. तुमचे सगळे उपाय मी प्यायले, कारण तीन दिवस मला एका खाटेवर निजवून तुम्ही दोघी माझ्यासाठी चुलीपाशी बसला होतात. असं याआधी कधी झालं नव्हतं.

ही माहिती दया मागण्यासाठी दिलेली नाही. रागावताना ती बाजूला ठेव.

मालकांती


कळुबोविल
१६ एप्रिल २०१४

प्रिय पुनी,

परवा अवुरुदु, नवं वर्ष, झालं. मुहूर्तावर चूल पेटवली, दूध उतू जाऊ दिलं, भाचीने दुधातल्या भाताचा किरिबत केला. पहिला घास पोरं आजीला भरवतात तसा तिने मला भरवला. टपालवाला मुहूर्ताचा विडा घ्यायला आला होता. तुझं पत्र नव्हतं.

उत्तर मागत नाही. फक्त कळवते की अजून आहे.

मालकांती


बंडारवेल
२ मे २०१४

माल्की, बयो,

मी बसने उतरून तुझ्या दारात येऊन हे बोलणार होते. पण तुला खोकताना बघून मी निम्मं विसरले असते आणि उरलेलं निम्मं रडण्यात गेलं असतं. म्हणून लिहिते. माझं अक्षर अजूनही कोंबडीने चालल्यासारखं आहे, मदर बेनेडिक्टा बघत असतील तर मला माफ करोत.

पुनीचं पत्र आलं. एकतीस वर्षांत पहिलं. चार ओळी, आणि सोबत तुझ्या मार्चच्या पत्राची नक्कल. "तू फाटकाशी आली होतीस हे मला मार्चमध्ये कळलं. मला एवढंच सांग, तू परत का नाही आलीस?" खाली सही पूर्ण नावाची, पुनिदवती, बँकेच्या चेकवर करावी तशी. मी तिला उत्तर पाठवलं आहे. तुलाही तेच सांगायला हवं, कारण तुझ्या डोक्यात ती सकाळ अर्धीच आहे. उरलेली अर्धी माझ्याकडे राहिली.

अगं वेडे, मला माहीत होतं. तू "नाही" म्हणालीस आणि त्याच क्षणी मागून खोकला ऐकू आला. उशीत दाबलेला, पण तो अम्मम्माचाच. त्या बाईच्या घरी मी किती दुपारी इडिअप्पम खाल्लेत, तो खोकला मला ओळखू येणार नाही? आणि समोरचा तो माणूस व्हरांड्यातून मान लांब करून उभा. त्यानेही ऐकला. तुझा चेहरा कागदासारखा झाला. तेव्हा मी काय केलं, आठवतंय? तू पत्रात पुनीला लिहिलंस, "मग गेली". मी नुसती गेले नाही. मी माझ्या त्या मोठ्या आवाजात, जो तुला एवढा नडत होता, ओरडून म्हटलं, "तुझ्या अम्माला फारच खोकला झालाय गं मालकांती, पस्पंगुवा दे दोन वेळा, आठाचं एक करून." समोरच्याला ऐकू जाईल असं. तो आत गेला.

तुला ते आठवत नाही, कारण तू तेव्हा काही ऐकण्याच्या स्थितीतच नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी पहाटे पपा कामावर निघाले तेव्हा मी त्यांच्याबरोबर गाडीत बसले आणि तुमच्या जास्वंदीच्या कुंपणावर पुडी ठेवून आले. आमच्या घरात होती ती. तुझी अम्मा मरेपर्यंत समजत होती की ती वैद्याच्या बायकोने ठेवली. मी कशाला सांगू? सांगितलं असतं तर फाटकावरचंही सांगावं लागलं असतं.

आता पुनीच्या प्रश्नाचं उत्तर. मागच्या दाराने का आले नाही? येणार होते. पपांना रेल्वेने तीन दिवस घरी सोडलं नाही, आणि गाडी त्यांच्याकडे. हे झालं सांगण्यासारखं कारण. न सांगण्यासारखं हे, की चालतही येता आलं असतं. दोन मैल. मी घाबरले होते. रस्त्यात जे दिसलं होतं ते पुन्हा बघवलं नसतं. मी खिडकी लावून घेऊन बसले. मग पुनीचं एकही पत्र आलं नाही, तेव्हा मला वाटलं, तिने आतून माझा आवाज ऐकला असणार. मी आले आणि तशीच निघून गेले, हे तिला कळलं असणार, आणि ती बरोबरच रागावली आहे. म्हणून मी तोंड वर केलं नाही. कसल्या तिघी मूर्ख आपण. तिघींनीही एकच खोकला उशीत दाबून ठेवला, एकतीस वर्षं.

तू मला हेवा म्हणून टाळलंस, हे त्या नकलेत वाचलं. बरं. मला शाळेपासून ठाऊक होतं. तुला वाटायचं आम्ही चादरीत तुझ्यावर हसतोय. आम्ही मदर बेनेडिक्टांच्या मिशांवर हसायचो.

ब्रँडी संपवू नकोस, थोडी ठेव.

क्लॉडेट


स्कारबरो
१९ मे २०१४

माल्की,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी वाचलं, ओट्यावर ठेवलं आणि सात आठवडे तुला उत्तर पाठवलं नाही. नऊ पत्रं लिहिली, नऊही फाडली. पहिली तीन वाचली असतीस तर तू त्याच दिवशी गेली असतीस.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो अम्मम्मासाठी आहे असं मला आधी वाटलं. मग कळलं, नाही. अम्मम्मा चौऱ्याऐंशी वर्षांची होती, दमेकरी होती, आणि त्या जहाजावर तिच्याहून तरुण माणसंही गेली. तो राग क्लॉडेटसाठी आहे. तू माझ्याकडून एक मैत्रीण काढून घेतलीस. माझ्या लग्नात ती नव्हती. माझा मुलगा गेला तेव्हा ती नव्हती. तिने पियानो शिकवायला सुरुवात केली, तिचं लग्न मोडलं, हे मला तिच्या गेल्या आठवड्यातल्या पत्रातून कळलं. हे तुला परत देता येणार नाही. मी तुला क्षमा केली असं लिहिणार नाही, कारण लिहिलं तर तुला खोटं ओळखू येईल. तुझा त्यात हात बसलेला आहे.

पण एक गोष्ट तुझ्याकडे नाही, ती देते.

तुमच्याकडून आम्ही निर्वासितांच्या छावणीत गेलो, तिथे जहाजावर चढायच्या आदल्या दिवशी कुणीतरी अम्मम्माला काढा दिला. हजार माणसांसाठी मोठ्या हंड्यात केलेला. तिने एक घोट घेतला आणि बाजूला ठेवला. म्हणाली, "हा घाईचा आहे. त्या मुलीचा काढा आठाचा एक झालेला होता. ती त्याच्यापाशी बसायची, उठायची नाही." मग म्हणाली, "मुळ्याही ताज्या होत्या. ज्याने पाठवल्या त्याला सांग." मला वाटलं तिला भ्रम झालाय. पाठवणारं कोण होतं? आता कळलं. ती तुम्हा दोघींबद्दल बोलत होती, आणि तुम्हा दोघींतलं कुणीच एकमेकीला सांगायला तयार नव्हतं.

जुलैच्या तीन तारखेला येते. क्लॉडेट विमानतळावर येणार आहे. तिने बजावलंय की थ्रीव्हीलच असेल, मोटारीचे पैसे ती ब्रँडीवर घालवते.

कोठी झाडून ठेव. दिवा मी आणते. तोवर राहा.

पुनी


कळुबोविल
१८ जून २०१४

पुनी आणि क्लॉडेट,

पहिल्यांदाच एका कागदावर दोघींची नावं लिहिली. हात थरथरतो म्हणून भाची लिहून घेते आहे. ती मधेच रडते, तिला मी म्हटलं, शुद्धलेखन नीट कर आणि मग रड.

डॉक्टर जुलैचं काही बोलत नाहीत. मी प्रयत्न करते आहे. कोठी झाडून घेतली. कोपऱ्यात ती चटई निघाली, वाळवीने खाल्लेली, तिला तशीच ठेवली आहे. उशी मी अठ्ठ्याऐंशी साली जाळली होती, हेही सांगून टाकते. क्लॉडेट, तू ओरडून जे बोललीस ते मी खूप आठवून बघितलं. नाही आठवत. पण त्या दिवसापासून माझी अम्मा समोरच्या माणसाला दिसेल अशी रोज फाटकाशी उभी राहून खोकायची. ती का खोकते, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता कळलं, तिने तुला ऐकलं होतं.

पोहोचाल तेव्हा मी नसले तर असं करायचं.

घर भाचीचं. तिला ठाऊक आहे.

पुस्तकं कॉन्व्हेंटला. मदर बेनेडिक्टांनी दिलेली जपमाळ चॅपलमध्ये परत द्यायची. मी बौद्ध असून त्यांनी ती मला का दिली, ते त्यांनाच ठाऊक. वापरली नाही, पण पन्नास वर्षं उशाशी होती.

अम्माची विटकरी साडी पुनीला. त्या चार दिवसांत तीच पुनीच्या अंगावर होती.

ब्रँडीची बाटली अर्धी आहे. ती क्लॉडेटने पोया सोडून कुठल्याही दिवशी घ्यावी.

काढ्याचं मडकं क्लॉडेटला. त्याची करवंटी, घासून काळी झालेली, जिने पाणी मोजतात, ती पुनीला. दोन्ही एका घरात जाऊ द्यायची नाहीत. मडकं बंडारवेलला राहील आणि करवंटी टोरोंटोला. बाजारात दुसरी करवंटी मिळते असं मला सांगू नका. तुमच्यापैकी कुणाला खोकला झाला, तर दुसरीने यायचं.

कोठीत दिवा लावा. तो अम्मम्मासाठी. माझ्यासाठी लावू नका. त्याच दिवशी गाबोज लेनमधून पुडी आणून काढा करा. घाई करू नका. चार करवंट्या उरल्यावर तो झाल्यासारखा वाटतो, पण झालेला नसतो.

ते स्टूल कुणालाच द्यायचं नाही. भाचीने त्याला पाय बसवून घेतला आहे. ते चुलीपाशी राहू दे. काढा तिघींचा वाढा आणि तिसरा त्याच्यावर ठेवा, वर गुळाचा खडा.

माल्की